राजवर्धन साउंड

पेठ वडगावात एखाद्या वरातीत किंवा सत्कार समारंभात तुमच्या छातीत धडधडायला लागलं, तर लगेच डॉक्टर गाठू नका. आधी स्पीकरच्या बॉक्सवरचं नाव वाचा. पिवळ्या अक्षरांत 'राजवर्धन साउंड' असं दिसलं तर तुमचं काळीज ठणठणीत आहे, धडधड कृष्णातची आहे. राजवर्धन हा कृष्णातचा मुलगा. पोरगं पाळण्यात असतानाच त्याने हौसेने धंद्याला त्याचं नाव दिलं आणि प्रत्येक बॉक्सवर रंगवून घेतलं. पुढे पोरगं थोडं मोठं झालं आणि कळलं की त्याला आवाज सोसत नाही.

सोसत नाही म्हणजे नुसता त्रास होतो असं नव्हे. कुकरची शिट्टी झाली की राजवर्धन दोन्ही कान दाबून कोपऱ्यात डोकं खुपसतो आणि मग तासतासभर हलत नाही. बोलत तर तो नाहीच. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी याला स्वमग्नता म्हणतात असं सांगितलं. कृष्णात म्हणाला, नाव ब्येस हाय, आता औषध सांगा. औषध नसतं, हे पचायला त्याला बराच काळ लागला.

तेव्हापासून गाव हादरवणारा हा माणूस स्वतःच्या घरात चप्पल हातात घेऊन शिरतो. सगळा सेट त्याने गावाबाहेरच्या शेडमध्ये नेऊन ठेवला. त्याची बायको क्रांती हिने कुकर जावेला देऊन टाकला. भात उघड्या पातेल्यात शिजतो. आमच्या भागात मायेने चौकशी केली तरी पुण्याच्या माणसाला भांडण लागलंय असं वाटतं. अशा मुलखात या एका घरात बोलणं ऐकायचं तर जवळ सरकून बसावं लागतं.

एका वर्षी शेजारच्या मंडळाने गणपतीत त्याच्या घरासमोरच कर्णा बांधला. कृष्णातने हात जोडून पाहिलं, दरडावून पाहिलं. पोरं ऐकेनात. मग तो स्वतःच खांबावर चढला, मंडळाला नवा, मोठा कर्णा फुकट बांधून दिला आणि त्याचं तोंड मागच्या उसाच्या फडाकडे केलं. दहा दिवस फडाने आरत्या ऐकल्या. मंडळाची पोरं खूश, कारण कर्णा मोठा होता. "आवाज कमी करा म्हटलं की माणसाला राग येतो," तो मला एकदा म्हणाला होता, "त्वांड फिरवलं तर पत्त्या बी लागत न्हाई."

एवढं ऐकून तो साधाभोळा, सोशिक बाप आहे असं कुणी समजू नये. कृष्णात बढाईखोर आहे. आपल्यासारखा सेट सांगलीपर्यंत नाही, असं तो सांगलीच्या माणसाला सांगतो. 'निघालोच' म्हणतो तेव्हा तो अंघोळीला निघालेला असतो. आणि त्याची एक जुनी इच्छा होती: व्यासपीठावरची खुर्ची. जन्म सगळा स्टेजच्या खाली, वायरींच्या गुंत्यात उकिडवं बसून गेला. जिल्ह्यातल्या तमाम पुढाऱ्यांचे मोजे त्याला पाठ आहेत, तोंडं तेवढी ओळखीची नाहीत. एकदा तरी वर बसावं, डोक्याला फेटा बांधून घ्यावा आणि खाली दुसऱ्या कुणीतरी 'हॅलो हॅलो' करावं, असं त्याला फार वाटे.

माझी त्याची ओळख समितीत झाली. मी भाग्यश्री, हुपरीची. आमच्या घरात पैंजण घडतात. माझी आदिती नऊ वर्षांची आहे, तिच्या पायांत जोर नाही, ती चाकांच्या खुर्चीत असते. पैंजण घडवणाऱ्या घरात चालता न येणारी मुलगी, यावर लोकांनी काय काय हळहळून घेतलंय ते मला विचारू नका. त्यातल्या निम्म्यांना मी दारातूनच परत पाठवलंय.

तर समिती. वडगावात अशा मुलांसाठी एक केंद्र व्हायचं होतं. संस्थेचं नाव सांगत नाही, उगाच पुढच्या सत्काराला मला बोलावणार नाहीत. अध्यक्ष पार्श्वनाथअण्णा, आमच्याच हुपरीचे चांदीचे मोठे व्यापारी आणि माझ्या सासरकडून लांबचे नातलग. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगते. स्वतःचा रस्त्यालगतचा प्लॉट त्यांनी केंद्राला दिला, आणि रस्त्यालगतचा प्लॉट कोण देतं हल्ली? फक्त अण्णांना दानाचा आवाज लागतो. गुप्तदान केलं तर ते झालंय की नाही याचीच त्यांना शंका येत असावी.

बाकीचा पैसा पुण्याच्या एका कंपनीचा होता, आणि कंपनीची अट होती की समितीत मुलांचे पालक हवेत, सेवा कशा असाव्यात ते त्यांना विचारून ठरवा. अण्णांनी अट मनापासून पाळली. दोन पालक शोधले. कृष्णातला घेतलं, म्हणजे माईक आणि मांडव घरचा झाला. मला घेतलं, म्हणजे रांगोळी आणि औक्षण घरचं झालं. पालकांचा सहभाग याहून जास्त तो काय असणार?

पहिल्या बैठकीला कृष्णात नवाकोरा पांढरा शर्ट घालून आला आणि थेट पुढच्या खुर्चीवर बसला. दोन मिनिटांत कुणीतरी म्हणालं, माईक खरखरतोय. तो उठला आणि वायरी बघायला खाली बसला. नंतरच्या प्रत्येक बैठकीत तो खुर्चीवरून सुरुवात करी आणि वायरीपाशी संपे. बोलायची पाळी आमच्यावर यायची ती चहा आल्यावर. कपबशांच्या खडखडाटात आम्ही सांगायचो, अण्णा 'उत्तम सूचना' म्हणायचे आणि बिस्किटाची बशी पुढे सरकवायचे.

तरी अन्याय नको. मी आदितीच्या खुर्चीसाठी उतार मागितला, उतार झाला. कृष्णातने एक शांत खोली मागितली होती, जिच्यात घंटा नाही, गुणगुणणारी ट्यूब नाही, जाड पडदे आहेत आणि मागून स्वतंत्र दार आहे. तीही झाली. अण्णा येईल त्या पाहुण्याला ती खोली दाखवत आणि आत उभे राहून ती किती शांत आहे हे मोठ्याने समजावून सांगत.

आता राजवर्धनचं एक आहे, ते कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. जागा त्याला पहिल्या दिवशी जशी भेटते तशीच ती कायमची त्याची होते. अंगणवाडीत पहिल्या दिवशी फुगा फुटला; त्या गल्लीतून तो आजतागायत गेलेला नाही. शाळेत पहिल्या दिवशी घंटा झाली, शाळा संपली. कोल्हापूरच्या दवाखान्यात नंबर पुकारणाऱ्याने ओरडून नाव घेतलं आणि तो दवाखानाही गेला. अकरा वर्षांच्या पोराला जगात दोनच जागा उरल्या होत्या: घर आणि बंद टेम्पोची केबिन. ही खोली तिसरी व्हावी, एवढंच कृष्णातला हवं होतं. मोनामॅडम, म्हणजे कोल्हापुरातून येणार होत्या त्या उपचारतज्ज्ञ, त्यांनीही सांगितलं होतं की त्याला हळूहळू बाहेर काढायची हीच वेळ आहे, वय वाढलं की अवघड होईल.

शेवटच्या बैठकीत उद्घाटन ठरलं. एसटी स्टँडपासून मिरवणूक, पुढे हलगी-कैताळ, पाठीमागे लेझीम, दारात फटाक्यांची माळ. मग भाषणं, मग फीत, मग पाहुण्यांसकट सगळ्यांनी टाळ्या वाजवत शांत खोलीत शिरायचं आणि आत मुलांबरोबर फोटो काढायचा. शांत खोलीचं उद्घाटन हलगीने करायचं, हे आमच्याच मातीत सुचू शकतं. कृष्णात वायरीपाशी होता. तिथूनच तो म्हणाला की पोरं त्या दिवशी नको आणायला, दुसऱ्या दिवशी गुपचूप आणू.

अण्णांना ते खरंच कळलं नाही. ते म्हणाले, मुलांसाठी केलंय आणि मुलंच नाहीत, मग पुण्याच्या पाहुण्यांना काय भिंती दाखवायच्या? पहिल्या तुकडीत जागा मोजक्या, नावं आलेली तिपटीने. तेव्हा अण्णांनी तिथल्या तिथे नियम केला की जो कार्यक्रमाला मुलाला आणणार नाही, त्याला गरज नाही असं समजून पुढचं नाव घ्यायचं. सगळ्यांना तो नियम अगदी न्याय्य वाटला.

म्हणजे राजवर्धनला आणलं नाही तर जागा जाणार, आणि आणलं तर खोलीच जाणार. मी तोंड उघडणार तोच कृष्णात खालून उभा राहिला. त्याचा चेहरा एकदम उजळला होता. हलगीवाले कशाला, लेझीम कशाला, फटाके तर हलक्या लोकांनी उडवायचे, असं तो सांगू लागला. आपला सगळा सेट लावतो, बॉक्सची भिंत उभी करतो, एक रुपया नको. पुण्याच्या पाहुण्यांनी नाव काढलं पाहिजे. अण्णा खूश झाले. मिरवणूक आणि फटाके तिथेच रद्द झाले आणि कृष्णातला पालक प्रतिनिधी म्हणून व्यासपीठावर खुर्ची आणि फेटा मंजूर झाला.

माझं डोकं फिरलं. ज्याच्या घरात कुकर चालत नाही तो माणूस पोराच्या पहिल्या दिवशी बॉक्सची भिंत लावणार? बाहेर पडल्यावर मी त्याला रस्त्यात गाठलं.

"खुर्ची पायजे होती न्हवं तुम्हाला? मिळाली की," मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि जराही न लाजता म्हणाला, "व्हय ताई, पायजे हुती."

असल्या माणसाशी काय भांडायचं? मी हुपरीची बस पकडली आणि वाटभर त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

कार्यक्रम दुपारचा ठेवला होता, कारण अण्णा आमच्या जैनांच्या रीतीप्रमाणे दिवस मावळायच्या आत जेवतात. मी गेले तेव्हा माझ्या उतारावर शोभेच्या कुंड्या ओळीने मांडून ठेवल्या होत्या. आदितीला खुर्चीसकट चौघांनी उचलून पायऱ्यांवरून नेलं आणि खाली ठेवताना एकाने केंद्रातल्या सोयींचं कौतुकही केलं. अंगणातल्या स्टेजच्या दोन्ही बाजूंना खरंच भिंती उभ्या होत्या, काळ्याकभिन्न बॉक्सच्या, आणि प्रत्येकावर पिवळ्या अक्षरांत राजवर्धन. मी पर्समधून कापूस काढला आणि आदितीच्या कानांत घातला. मग स्वतःच्याही.

व्यासपीठावर सहा पाहुणे, सहा फेटे. सातवी खुर्ची रिकामी. कृष्णात नेहमीसारखा खाली, मिक्सरपाशी उकिडवा. अण्णा माईकसमोर उभे राहिले, छाती भरून घेतली आणि सुरुवात केली. मी डोळे मिटून घेतले.

काही झालं नाही. कानात कापूस आहे म्हणून असेल, असं वाटून मी तो काढला. तरी काही झालं नाही. अण्णांचे हात वर जात होते, मान हलत होती, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या, आणि आवाज येत होता तो शेजारच्या घरात कुणी बोलावं एवढा. मागच्या लोकांना तर तेवढाही नसणार. मी मागे वळून पाहिलं. कुणाचीच तक्रार नव्हती. आमच्याकडे भाषण ऐकायला कोण येतं? खुर्ची मिळावी, ओळखीचे भेटावेत आणि शेवटी उप्पीट-बुंदी मिळावी, एवढ्यासाठी लोक येतात. आज तर एकमेकांशी बोलता येत होतं, म्हणून सगळे जास्तच समाधानी होते.

पण व्यासपीठावर हे कुणाला कसं कळत नव्हतं? मी वाकून पाहिलं. झालर लावलेल्या टेबलाच्या खाली, पाहुण्यांकडे तोंड करून, दोन काळ्या पेट्या ठेवल्या होत्या. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून त्याच्या पुढ्यात ठेवतात तसल्या. भिंतीच्या बॉक्सना वायरच नव्हती. सगळा आवाज त्या दोन पेट्यांतून निघून पाहुण्यांच्या तोंडावर परत येत होता. आपण गरजतोय आणि सगळा तालुका ऐकतोय, असं प्रत्येकाला वाटत होतं. उसाचा फड मला तेव्हा आठवला, आणि मी त्याला रस्त्यात बोललेलं वाक्यही आठवलं. मला माझीच लाज वाटली आणि हसूही फुटलं.

स्वतःचा एवढा मोठा आवाज ऐकून कोण खाली बसेल? एरवी दोन शब्द बोलणारे पाहुणे अर्धा अर्धा तास बोलले. पुण्याच्या साहेबांनी खास थांबून ध्वनिव्यवस्थेचं कौतुक केलं. अण्णा तर दुसऱ्यांदा उठले. दिवस मावळत आला, माझं लक्ष राहून राहून उन्हाकडे जात होतं, पण अण्णांना जेवण आठवलं नाही. त्या रात्री ते उपाशी झोपले, असं नंतर त्यांच्या घरच्या काकूंकडून कळलं.

या सगळ्यात क्रांती टेम्पोतून उतरून पोराला मागच्या दाराने आत घेऊन गेली होती. तिने शांत खोलीच्या खिडकीचा पडदा खुणेसारखा जरासा हलवला. कृष्णातने तो पाहिला आणि मिक्सरवरचा हात काढून तोंडावरून फिरवला. पण अजून टाळ्या राहिल्या होत्या, फीत राहिली होती आणि तो घोळका टाळ्या पिटत आत शिरायचा राहिला होता.

अण्णांनी पालक प्रतिनिधीच्या सत्काराची घोषणा केली. कृष्णात वर गेला. कोल्हापूरहून आणलेल्या माणसाने त्याच्या डोक्याला केशरी फेटा बांधला. शाल झाली, नारळ झाला. आता त्याने हात जोडून खुर्चीवर बसायचं, एवढंच होतं. खुर्ची त्याच्या मागेच होती. तो बसला नाही. त्याने अण्णांच्या हातातला माईक घेतला आणि घरातल्या, जवळ सरकून ऐकायच्या आवाजात बोलायला लागला. मी पहिल्या रांगेत होते म्हणून मला कळलं.

"अण्णा, पावणं, रागावू नगा. पोरगं माझं आत जाऊन बसलंय. घर सोडून दुसऱ्या जागंत ते टिकल्यालं मी पयल्यांदा बघतोय. फीत कापा, पर टाळ्या नगंत, आन् आत कुणी जाऊ नगा. वरीसभर ह्येच सांगत हुतो, तुमास्नी ऐकू आलं न्हाई. आज आलं असंल. सगळा आवाज तुमच्याकडंच लावलाय."

व्यासपीठावरचे सहाच्या सहा फेटे एकदम ताठ झाले. मांडवात मात्र कुणाला काही ऐकू गेलं नव्हतं, त्यामुळे त्याचं भाषण संपलंय हेही कळलं नाही आणि एकही टाळी पडली नाही.

अण्णांनी माईक ओढून घेतला. "अरे पण फोटो..." असं ते म्हणाले आणि तेवढं वाक्य टेबलाखालून त्यांच्या अंगावर असं काही धावून आलं की ते दचकून मागे सरले. आपला आवाज एवढा मोठा आहे हे त्यांना सत्तरीत कळलं. त्यांनी माईकवर हात ठेवला, खिडकीच्या पडद्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग बाकीच्यांना ओठांवर बोट ठेवून खूण केली.

पुढचं दृश्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. सहा मातब्बर माणसं, डोक्याला फेटे, चपला आणि बूट हातात, टाचा उचलून चोरासारखी व्हरांड्यातून चालली होती. पुण्याच्या साहेबांनी फीत कापली. अण्णांनी कात्री खाली पडू नये म्हणून स्वतःचा तळहात खाली धरला होता. कुणी आत गेलं नाही. अण्णांनी पडद्याच्या फटीतून एक डोळा लावला आणि मागे वळून नुसतं म्हणाले, "बसलाय की." त्यांचे डोळे भरले होते, माझेही.

पाहुणे उप्पिटाकडे गेल्यावर कृष्णात मागच्या दाराने आत शिरला. शाल, नारळ, फेटा, सगळं अंगावर तसंच. राजवर्धन कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसला होता. तो उठून आला, फेट्याचा सुटलेला शेमला धरला आणि ओढायला लागला. कृष्णात गुडघ्यावर बसला आणि मुकाट फिरत राहिला. जन्मभर हवा असलेला फेटा पाव तासही डोक्यावर टिकला नाही. पोराने तो लांबलचक कपडा स्वतःच्या कानांभोवती गुंडाळला, पुन्हा कोपऱ्यात जाऊन बसला आणि डोळे मिटले. फेटेवाला परत न्यायला दारात उभा होता, भाड्याचा होता तो. क्रांतीने त्याला हातानेच जा म्हणून सांगितलं.

राजवर्धन आता आठवड्यातून तीनदा तिथे जातो, आणि दारातून स्वतः आत जातो. पुण्याच्या साहेबांनी दिलेल्या रंगीत दिव्यांकडे मुलं फिरकत नाहीत. फेटा मात्र खुंटीवर असतो आणि ज्याला बाहेरचं जग फार होतं ते पोर तो कानांना गुंडाळून घेतं. माझ्या उतारावरच्या कुंड्या मी स्वतः हलवल्या. कृष्णात अजून समितीत आहे, अजून वायरीपाशीच बसतो. त्याचा व्यासपीठावरच्या खुर्चीतला फोटो नाही, कारण तो बसलाच नाही. याचं त्याला वाईट वाटतं, हे तो लपवत नाही.

अण्णा त्या उद्घाटनाचं अजून सांगतात. असा दणदणीत कार्यक्रम तालुक्यात झाला नाही, हातकणंगल्यापर्यंत आवाज गेला होता म्हणतात. पाहुणे आले की ते त्यांना चपला काढायला लावून दारापर्यंत आणतात, खुंटीवरचा फेटा दाखवतात आणि कानाशी लागून सांगतात की ही आमच्या समितीची कल्पना, पालकांना विचारल्याशिवाय आम्ही इथे काही करत नाही.

यात खोटं काही नाही. विचारत ते आम्हाला दर बैठकीला होते. ऐकलं एकदाच, आणि तेवढ्यासाठी कृष्णातला आपला अख्खा सेट उलटा लावावा लागला.